उलट्या पावली चालणाऱ्या गोगलगायी

३ जानेवारी, पोषी पूनम

पप्पांनी आज दुकानात एक कुकर आणि एक परात विकता विकता माझ्या आयुष्याचा निकाल लावला. फेब्रुवारीत भावनगरला कॉलेजच्या मुलांची संशोधन परिषद आहे. तिथे माझ्या प्रकल्पाचा नंबर आला, पहिला, दुसरा, तिसरा कुठलाही, तर एम.एस्सी.ला भावनगर. नाही आला तर इथेच वेरावळला बी.एड. "शब्द म्हणजे शब्द," पप्पा म्हणाले आणि कुकरच्या झाकणावर टिचकी मारली. परात घेणाऱ्या मावशींनीही मान डोलावली, म्हणजे साक्षीदारसुद्धा मिळाला.

बी.एड. वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मला समुद्र शिकायचाय, आणि बी.एड.मध्ये समुद्र नकाशात निळा रंगवायचा असतो, बस.

अडचण एकच. बाकी सगळ्यांच्या प्रकल्पात बरण्या आहेत. बरणीत औषध, औषधात खेकडा. आमच्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात, तिथे मी खेकडा बुडवून आणला तर पप्पांच्या आधी फई मला घराबाहेर काढेल. फई म्हणजे पप्पांची मोठी बहीण. रस्त्यात मुंगी दिसली तर ती वाट बदलते.

कॉलेजात प्रकल्प बघणाऱ्या वाढेर सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग काय करणार मोक्षा, प्राण्यांशी गप्पा मारणार?"

तेवढ्यात मला सुचलं. भरतीच्या रेषेवर, खडकाच्या कपारींत त्या छोट्या करड्या गोगलगायी असतात, त्यांच्या पाठीवर नंबर घालायचे आणि तिथेच सोडायच्या. दुसऱ्या दिवशी किती सरकल्या ते मोजायचं. मरणार कोणी नाही. सरांनी जांभई दिली, पण सही केली.

५ जानेवारी

तीस गोगलगायी रंगवल्या. गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने नंबर. प्रकल्पात माझा जोडीदार केयूर फोफंडी. खारव्याचा, म्हणजे मच्छीमाराचा मुलगा, घरच्या दोन होड्या, आणि होडीत बसला की याला उलटी होते. म्हणून खडकावरचा प्रकल्प त्याला फार आवडला. नंबर त्याने घातले, कारण माझं अक्षर गोगलगायीवर मावत नाही.

"लग्नाला निघाल्यात सगळ्या," तो म्हणाला.

घरी आल्यावर फईने माझी गुलाबी बोटं बघितली आणि सगळं खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा पडला.

"म्हणजे समुद्रातल्या जीवांना तू कोरड्या दगडावर ठेवून आलीस? उन्हात?"

"फई, त्या तिथेच राहतात. त्यांना कोरडंच आवडतं."

"समुद्रातल्या जीवाला कोरडं आवडतं," फई हळूच म्हणाली. "तुला कोणी सांगितलं? त्यांनी?"

मी तासभर समजावलं. शेवटी ती "बरं" म्हणाली. फई इतक्या लवकर बरं म्हणत नाही, पण विज्ञान नीट समजावलं की पटतं, हे यातून दिसतं.

६ जानेवारी

गोगलगायी सरकल्या. थोड्याथोडक्या नाहीत. पुस्तकात लिहिलंय वीत-दोन वीत. आमच्या काही पार वीस-वीस हात खाली, समुद्राच्या दिशेने. मी तीनदा मोजलं. केयूरनेही मोजलं आणि टेपच मोडली असेल म्हणाला. टेप मोडलेली नव्हती.

बारा नंबर मात्र जागची हललेली नाही. आळशी आहे.

८ जानेवारी

रोज तेच. रोज संध्याकाळी ओहोटीला जावं तर गोगलगायी खाली गेलेल्या, एखाददुसरी सोडून. बारा नंबर आजही आपल्या कपारीत बसून. मी तिला सरळ म्हटलं, तुझ्यासारख्यांमुळे आमचा आलेख बिघडतो.

सरांना सांगितलं. ते जांभई द्यायचे थांबले.

फईचे गुडघे दुखतायत. रात्री मी तेल चोळून दिलं. हल्ली ती पहाटेच देरासरात, म्हणजे आमच्या जैन मंदिरात जाते आणि उशिरा येते. चपला ओल्या असतात. देरासरात फरशी धुवत असतील.

१४ जानेवारी, उत्तरायण

सगळं गाव गच्चीवर. पाणीही धड उतरत नाहीये, त्यामुळे आठवडाभर काम बंद. माझे दोन पतंग कापले गेले. फई गच्चीवर आली नाही, मांज्याने पाखरं मरतात म्हणून ती दरवर्षी जखमी पारव्यांसाठी हळद घेऊन खाली बसते. मला एकदम तिची माया आली. तिच्यासाठी उंधियूची वाटी खाली घेऊन गेले. ती म्हणाली, "आज कंदमूळ घालतात त्यात, तुलाही नको." मग मी एकटीनेच खाल्लं.

फईने एक विचारलं. "अमासेला पाणी किती उतरतं गं?"

मी म्हटलं, पुष्कळ. माझ्या विषयात तिला गोडी वाटायला लागलीय, हे बघून बरं वाटलं.

१८ जानेवारी, अमास

आज मोठा शोध लागला.

गोगलगायी खाली गेल्यात हे तर रोजचंच. पण आज केयूर पोटावर पालथा पडून बघत होता आणि म्हणाला, "मोक्षा, यांची तोंडं बघ."

सगळ्यांची तोंडं जमिनीकडे. समुद्राकडे पाठ. म्हणजे त्या समुद्राकडे जातात, पण उलट्या चालत जातात.

मीही त्याच्या शेजारी पालथी पडले. मग मला एकदम उलगडलं. देरासरातून निघताना आपण देवाला पाठ दाखवत नाही, उलट्या पावली मागे मागे येतो. तसंच. जमिनीला पाठ न दाखवता समुद्रात उतरायचं. धोका जमिनीवरून येतो, म्हणून तिकडे तोंड. शास्त्रीय कारण असू शकतं.

"पण तुमचं देरासरही त्याच बाजूला आहे," केयूर म्हणाला.

घरी फईला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ," ती म्हणाली, "त्यांनाही कळतं."

१९ जानेवारी

वाढेर सर स्वतः खडकावर आले. बुटांसकट डबक्यात उतरले. बाहेर आले तेव्हा त्यांनी प्रकल्पाला नाव देऊन टाकलं होतं, 'सागरी गोगलगायींचे पश्चगमन'. ते म्हणाले की अशी गोष्ट त्यांनी वीस वर्षांत बघितली नाही. मला वाटतं कोणीच बघितली नसेल.

पण त्यांनी एक शंका काढली. कोणी खोडसाळपणा करत असेल तर? पहाटेच्या ओहोटीला एकदा पहारा द्या. केयूरचं घर जवळ, म्हणून त्याच्यावर टाकलं.

२१ जानेवारी

काल केयूर झोपून राहिला. आज गेला. दुपारी कॉलेजात भेटला तर तोंडाला गुळाच्या सुखडीचा तुकडा चिकटलेला.

"कोणी होतं?"

"कोणी नव्हतं. अंधार होता. तुझी फई तेवढी भेटली, स्टीलचा डबा घेऊन. म्हणाली, हवा खायला आलेय. मला सुखडी दिली, बसवलं, माझ्या आईच्या दम्याची चौकशी केली. फार चांगली बाई आहे. मग म्हणाली थंडी आहे बेटा, घरी जा. मी गेलो."

"म्हणजे खोडसाळपणा कोणी करत नाही."

"कोण करणार. फईच्या समोर कोणाची हिंमत आहे."

एक शंका मिटली. फई समुद्राची हवा घ्यायला लागली हेही उत्तम. तिच्या तळहाताला खरचटलंय, नारळाच्या खवणीने असावं. विचारलं तर म्हणाली, "पुण्य कमावताना थोडं लागतंच."

१ फेब्रुवारी, माघी पूनम

गेले काही दिवस पाणी मधलंअधलं, काही लिहिण्यासारखं नव्हतं. पण आज सरांच्या सांगण्यावरून मोठा प्रयोग मांडला. आमच्या गुलाबी तीस आहेतच, त्यांच्या शेजारच्याच आणखी तीस घेतल्या. त्यांना नेलपॉलिश नाही. कानशीने पाठीवर बारीक चरा, जवळून बघितल्याशिवाय दिसणार नाही असा.

घरात माहीत असलेलं बरं, म्हणून फईला तेवढं म्हटलं की आज आणखी घेतल्या. तिने कपाळाला हात लावला. "आणखी? गुलाबीच ना?" मी म्हटलं गुलाबी तर जुन्याच. तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला. नेलपॉलिशचा खर्च तिला टोचत असणार.

२ फेब्रुवारी

गुलाबी खाली गेल्या. चऱ्यावाल्या जागच्या जागी.

सर एकेक करून सगळ्या पुन्हा बघून आले. मग म्हणाले, "मोक्षा, गोगलगायीला रंग लावला की ती धावते."

"आणि उलटी धावते," केयूर म्हणाला.

प्रयोग चोख आहे. एकच गोष्ट बदलली होती, रंग. सरांनी फलक छापायला टाकला. 'सागरी गोगलगायींचे पश्चगमन आणि त्यावरील नखरंगाचा परिणाम'. खाली आमची नावं, त्याहून मोठ्या अक्षरांत त्यांचं. परिषद सात तारखेला आहे. मला नंबर दिसतोय. पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "गोगलगायीला नेलपॉलिश?" आणि बराच वेळ एकच पातेलं पुसत बसले.

३ फेब्रुवारी

फई पडली. पहाटे रिक्षावाल्याने घरी आणून सोडली. घोटा भोपळ्यासारखा सुजलाय. "पाय घसरला," एवढंच म्हणाली. मी पप्पांना म्हटलं, देरासरच्या पायऱ्यांवर तेल सांडलेलं असणार, तक्रार करा. फई म्हणाली, तक्रार कोणाची नको. डॉक्टरांनी पट्टी बांधली, पंधरा दिवस पाय जमिनीला लावायचा नाही.

४ फेब्रुवारी

संकटं एकटी येत नाहीत. गोगलगायी थांबल्या.

काल हलल्या नाहीत, आजही नाहीत. तीसच्या तीस आपापल्या कपारीत. मी रडकुंडीला आले. केयूर म्हणाला रंग जुना झाला असेल. ताजा लावून बघितला, काही नाही. सर फोनवर म्हणाले, हे दोन दिवस आलेखात घालूच नका.

मला ते बरं वाटलं नाही. पण बी.एड.ही बरं वाटत नाही.

घरी फई आडवी, तिकडे गोगलगायी आडव्या. सगळंच एकदम कसं बिनसलं.

५ फेब्रुवारी

आता जे लिहितेय ते हसत लिहितेय की रडत, मलाच माहीत नाही.

संध्याकाळी फईने मला जवळ बोलावलं, दार लावायला सांगितलं, उशीखालून स्टीलचा डबा काढला. डब्याला वाळू चिकटलेली.

"मोक्षी, माझा पाय बरा होईपर्यंत एक काम तू कर. मला दोन दिवस झोप नाही. गुलाबीवाल्या तीस आहेत, त्यांना रोज पहाटे पाण्यात सोडून ये."

"कुठे सोडून ये?"

"त्या मोडक्या खांबापाशी डबकं आहे ना, तिथे. मी तिथेच सोडते. तू त्यांना वर आणून ठेवतेस, मी खाली नेऊन सोडते. दुसऱ्या दिवशी बघावं तर तू पुन्हा वर ठेवलेल्या. मी कधी बोलले तुला? लेकीचं शिक्षण आहे. पण पाप तुझ्या माथी नको, म्हणून मी आपली निस्तरत होते."

मी डब्याकडे बघत बसले. मग मी विचारलं, "चऱ्यावाल्या?"

"कुठल्या?"

मी खोलीबाहेर आले आणि गच्चीवर जाऊन बसले. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. पहिला विचार आला तो हा की फई सोडून कोणाला माहीत नाही. फईला परवा कोणी भावनगरला नेणार नाही. नंबर अजून दिसत होता.

मग दुसरा विचार आला, फलकावर केयूरचंही नाव आहे, आणि मी तडक त्याच्या घरी गेले. तो मासे खात होता, मी दाराबाहेरूनच ओरडून सगळं सांगितलं. तो जेवायचा थांबला.

"मग त्यांना रोज वर कोण ठेवत होतं? मी तर एकदाही ठेवली नाही."

"मीही नाही."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे त्या उलट्या चालत नाहीत," केयूर म्हणाला. "सुलट चालतात. घरी."

फई रोज पहाटे त्यांना डबक्यात टाकायची. त्या रोज निघायच्या, वर, आपल्या कपारीकडे, तोंड जमिनीकडे करून. आम्ही संध्याकाळी जायचो तेव्हा त्या अर्ध्या वाटेत असायच्या, आणि आम्ही लिहायचो, 'समुद्राकडे सरकली'.

मी धावत घरी आले. "फई, बारा नंबर तुमच्या डब्यात असायची?"

"बारा? ती तर रोज. पहिली तीच हाताला लागायची."

आळशी म्हणत होते मी तिला. ती रोज सगळ्यांच्या आधी घरी पोचत होती.

६ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. "फलक छापून झालाय," म्हणाले. मग जरा वेळाने, "डबकं नेहमी तेच ना?" मी म्हटलं, नेहमी तेच. मग त्यांचे डोळे पुन्हा चमकायला लागले, पण फलकावरचं स्वतःचं नाव त्यांनी आम्हाला कागद चिकटवून झाकायला लावलं. केयूरने काळ्या शाईने 'पश्चगमन' खोडून 'गृहगमन' केलं आणि 'नखरंगाचा' खोडून वर लिहिलं 'फईचा'.

'सागरी गोगलगायींचे गृहगमन आणि त्यावरील फईचा परिणाम'.

पप्पा सोबत येणार आहेत. थेपले मोजून झालेत.

७ फेब्रुवारी, भावनगर, आणि परतीची बस

परीक्षक म्हणून एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. सगळं सभागृह हसत होतं, त्या हसत नव्हत्या.

"तुलनेसाठी काय ठेवलं होतंत?"

"ज्या दिवशी फईचा पाय मुरगळला ते दिवस, मॅडम. तेव्हा एकही हलली नाही."

"प्रयोगाला फईंची संमती घेतली होती?"

"नाही मॅडम. त्यांनीही आमची घेतली नव्हती."

तेव्हा त्या हसल्या. चष्मा खाली पडला.

नंबर आला नाही. पहिला बरणीतल्या खेकड्याला गेला. मॅडम बाहेर भेटल्या आणि म्हणाल्या, अर्धा प्रयोग चुकून झालाय, नंबर कसा देऊ, पण पुढच्या वर्षी इथे ये आणि मुद्दाम कर. मी मान हलवली. त्यांना बी.एड.बद्दल काय सांगणार.

बसमध्ये पप्पांनी शेजारच्या माणसाला सगळी गोष्ट सांगितली. महुव्याला चहावाल्याला सांगितली. प्रत्येक वेळी 'फईंची संमती घेतली होती?' इथे येऊन ते स्वतःच इतके हसायचे की पुढचं मला पूर्ण करावं लागायचं. मला आशा वाटायला लागली. पण वेरावळ जवळ आलं तसे ते गंभीर झाले. "नंबर मात्र आला नाही," म्हणाले. "शब्द दिलाय. दुकानदाराचा शब्द आहे, परातवाल्या बाईंसमोर दिलेला." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला फार वाईट वाटत होतं.

८ फेब्रुवारी

सकाळी पप्पा बी.एड.चा अर्ज घेऊन आले. फई पलंगावर पाय पसरून माळ जपत होती. तिने माळ खाली ठेवली.

"जयु, नंबर कोणामुळे गेला?"

"मोटीबेन, कोणामुळे गेला हा प्रश्न नाही. शब्द म्हणजे शब्द."

"माझ्यामुळे गेला. ठरलं काय होतं? नंबर गेला तर बी.एड. मग आण तो अर्ज इकडे. मी करते बी.एड."

"तुम्ही?"

"चौसष्टाव्या वर्षी शिकू नये असं कुठे लिहिलंय? चूक माझी, शिक्षा माझी. पोरीने का भोगायची? पेन दे."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. फईने खरोखर अर्ज भरायला घेतला. नाव लिहिलं. जन्मतारखेशी आल्यावर म्हणाली, "पोषातली आहे, साल तू सांग." पप्पा दारात उभे राहून हसायला लागले, मग खाली बसून, मग डोळे पुसत. अर्ज तिच्या हातातून घेऊन त्यांनी घडी घातली आणि खिशात ठेवला.

"भावनगरच्या वसतिगृहात जेवण कसं असतं, विचार तुझ्या मॅडमना," मला म्हणाले. "सूर्यास्ताआधी मिळतं का बघ."

मी आत जाऊन रडले.

फई मात्र संध्याकाळी हळूच म्हणाली, "त्या खरंच रोज चालत परत जायच्या? एवढ्याशा जीवाला एवढा चढ? म्हणजे छळ मी करत होते." आणि तिने सूर्यास्ताआधीचं दूधही घेतलं नाही.

१७ फेब्रुवारी, अमास

फईने हट्टच धरला. पप्पांनी तिला स्कूटरवर बसवून वाळूपर्यंत नेलं, पुढे केयूरने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून खडकावर चढवलं. बारा नंबर आपल्या कपारीत होती. गुलाबी रंग निम्मा उडालाय.

फई तिच्यासमोर बसली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्," म्हणाली. आम्ही हे वर्षातून एकदा म्हणतो, पर्युषणात, एकमेकांना. माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर. मग फई तिला समजावून सांगू लागली. "मी तुला रोज घरापासून उचलून नेलं, आणि वर पुण्य केलं म्हणून खूश होऊन घरी जाऊन नाश्ता केला. मला माहीत नव्हतं गं."

तिसांपैकी सापडल्या त्या सगळ्यांना तिने हात जोडले. चऱ्यावाल्यांनाही. केयूरनेही जोडले, का ते त्याला माहीत.

परत निघताना फई माझ्या खांद्यावर भार टाकून म्हणाली, "जा तू भावनगरला. नीट शिकून ये. पुढच्या वेळी कोणाला वाचवायचं झालं तर आधी तुला विचारेन." मी तिचा हात घट्ट धरला.

दोन पावलं गेल्यावर ती थांबली. कपारीबाहेर एक बिननंबरची गोगलगाय उन्हात बसली होती, तोंड मिटून, अगदी कोरडी.

"फई," मी म्हटलं.

"बघतेय फक्त," फई म्हणाली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.